किट कार्सन : ज्याला स्वतःची दंतकथा वाचता येत नव्हती

सातपुडा (धागाकर्ता)

ऑक्टोबर १८२६. मिसुरीतल्या फ्रँकलिन गावचा खोगीर बनवणारा कारागीर डेव्हिड वर्कमन वर्तमानपत्रात जाहिरात देतो. ख्रिस्तोफर कार्सन नावाचा सोळाएक वर्षांचा मुलगा, वयाच्या मानाने ठेंगणा पण अंगाने भरलेला, केस फिकट, उमेदवारी सोडून पळाला आहे. परत आणून देणाऱ्यास बक्षीस एक सेंट. पळालेल्या उमेदवाराची जाहिरात देण्याची रीत होती, ती वर्कमनने पाळली. पोरगा खरंच परत हवा असता तर रक्कम जरा तरी वाढवली असती.

हाच पुढचा किट कार्सन. जन्म २४ डिसेंबर १८०९, केंटकी. रान तोडताना अंगावर फांदी कोसळून वडील १८१८ मध्ये गेले, घरात भावंडांचा गोतावळा, शाळा सुटली ती कायमची. फ्रँकलिन हे सांता फेला जाणाऱ्या व्यापारी वाटेच्या तोंडाशी असलेलं गाव. खोगीर दुरुस्तीला येणारे लोक दुकानात बसून डोंगरांच्या आणि मेक्सिकोच्या गप्पा झोडत. त्या ऐकत चामड्याला टाके घालणारा मुलगा एक दिवस तांड्याबरोबर निघून जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तांड्याबरोबर तो ताओसला पोचला. ते गाव तेव्हा मेक्सिकोत होतं. तिथे आधी स्वयंपाक्या, गाडीवान, दुभाषा अशी मिळेल ती कामं केली. १८२९ मध्ये ईविंग यंगच्या टोळीबरोबर बीव्हर पकडत थेट कॅलिफोर्निया गाठलं. बीव्हरच्या लवीचा नमदा करून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या बनत, सगळा खेळ त्यासाठी. माणसाचा वास राहू नये म्हणून सापळा लावणारा बर्फगार ओढ्यातूनच चालत जायचा, लोखंडी सापळा पाण्याखाली ठेवायचा आणि वर एका काटकीला बीव्हरच्याच ग्रंथीचा रस फासायचा. जनावर हुंगायला आलं की पाय अडकायचा आणि सापळ्याच्या वजनाने ते बुडून मरायचं. सगळा हंगाम हेच. तिशीतच सांधे धरलेले असायचे या लोकांचे. १८४० च्या सुमारास रेशमी टोप्यांची टूम आली, बीव्हरही जवळजवळ संपले आणि धंदा बसला.

कार्सनचं नाव काढलं की दोनच सूर ऐकू येतात. एक पश्चिमेचा थोर वाटाड्या, दुसरा नॅव्हाहो या मूळनिवासी (इंडियन) टोळीचा कर्दनकाळ. माझ्या मते दोन्ही सुरांचं मूळ एका सवयीत आहे : वरच्या माणसाने सांगितलं की कार्सन निघायचा. रानात कोणाला न जुमानणारा हा गडी हुद्देदार, शिकलेल्या माणसापुढे मात्र मान खाली घालायचा. आधी फ्रीमाँट, मग कर्नी, शेवटी कार्लटन. पुढचं प्रतिसादांतून लिहितो.

उंडगा

वाचतोय! पण कर्दनकाळ म्हणालात आणि अजून एकही गोळी सुटली नाही. त्या द्वंद्वाचं लिहा की राव.

सातपुडा

लिहितो. १८३५ चा उन्हाळा, ग्रीन नदीकाठचा मेळा. वर्षातून एकदा सगळे सापळेवाले तिथे जमत, कातडी विकत आणि मिळालेले पैसे दारूत घालवत. शुईनार नावाचा एक धिप्पाड माणूस दारू पिऊन समोर येईल त्याला बदडत होता. वानीबे नावाच्या अरापाहो टोळीतल्या मुलीवरून त्याचं आणि कार्सनचं आधीच वाजलं होतं असंही सांगतात. दोघे घोड्यावर बसून इतके जवळ आले की घोड्यांची डोकी भिडली, आणि गोळ्या जवळजवळ एकदमच सुटल्या. शुईनारची गोळी कार्सनचे केस चाटून गेली, कार्सनची त्याच्या हातातून आरपार. या मेळ्याला एक पाद्री हजर होता, त्याने पुढे छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे, म्हणून निव्वळ थाप म्हणून सोडता येत नाही.

माझा आवडता प्रसंग मात्र अस्वलांचा. नुकतंच एल्क हरण मारलेलं, बंदूक रिकामी, आणि दोन ग्रिझली मागे लागली. स्वारी झाडावर! खाली अस्वलं चकरा मारतायत आणि हे वर फांदीला लटकलेत. आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलंय.

मी_नर्मदा

वानीबेचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. तिच्याशी त्याने लग्न केलं, दोन मुली झाल्या, दुसरीच्या जन्मानंतर थोड्याच काळात ती गेली. मग एका शायेन स्त्रीशी मोडलेला थोडक्या दिवसांचा संसार. थोरली ॲडलीन आईविना डोंगरात कशी वाढणार म्हणून १८४२ मध्ये तिला मिसुरीत नातेवाइकांकडे ठेवली. धाकटी लहानपणीच गेली. १८४३ मध्ये ताओसच्या होसेफा हारामियोशी लग्न, त्यासाठी तो कॅथलिक झाला. तो तेहतिशीचा, ती पंधराचीही नव्हती.

होसेफाचा एक प्रसंग मला कार्सनच्या सगळ्या लढायांहून भारी वाटतो. जानेवारी १८४७, अमेरिकेने न्यू मेक्सिको घेतल्यावर ताओसमध्ये उठाव झाला. गव्हर्नर चार्ल्स बेंट म्हणजे होसेफाच्या बहिणीचा नवरा. जमाव दारात. त्या वेळी होसेफा त्याच घरात होती. बायकांनी चमचा आणि चुलीतली सळई घेऊन कच्च्या विटांची भिंत आतून पोखरली, भोक पाडलं, एकेक करून शेजारच्या घरात सरकल्या. बेंट मारला गेला, बायकामुलं वाचली. किट तेव्हा कॅलिफोर्नियात होता. तो नेहमीच कुठेतरी असायचा म्हणा. यांच्या संसाराचे खरे दिवस मोजायला बसलं तर फार भरणार नाहीत.

खडूस आजोबा

धागा बरा आहे, पण मुळातच एक घोळ आहे. कार्सनसारखे दहा-वीस वाटाडे त्या काळी डोंगरात होते. जिम ब्रिजर होता, टॉम फिट्झपॅट्रिक होता. मग शाळेतल्या पोरांना हाच का ठाऊक? कारण मिसुरी नदीवरच्या आगबोटीत १८४२ मध्ये त्याला जॉन फ्रीमाँट भेटला. सैन्यातला नकाशे काढणारा अधिकारी, सासरा सिनेटर बेंटन, बायको जेसी लिखाणात तरबेज. महिना १०० डॉलर पगारावर कार्सन वाटाड्या झाला. मोहिमेवरून आल्यावर फ्रीमाँट सांगायचा आणि जेसी कागदावर उतरवायची. संसदेने छापलेला सरकारी अहवाल लोकांनी कादंबरीसारखा वाचला, त्यातून हा हिरो जन्माला आला. बोलपटाच्या आधीचा बोलपट.

सातपुडा

आजोबा, घोळ कसला, माझ्या मुद्द्याला तुम्ही टेकूच दिलात. पुढे जनरल म्हणून गाजलेला शर्मन १८४८ मध्ये मोठ्या उत्सुकतेने त्याला भेटायला गेला, तर समोर बुटका, किंचित वाकलेला, तांबूस केसांचा, चेहऱ्यावर वांग असलेला, विचारलं तेवढंच बोलणारा माणूस. शौर्याची एक खूण दिसेना, असं त्याने आठवणींत लिहिलंय.

पण त्या अहवालात काय मावलं नाही तेही बघा. एप्रिल १८४६, सॅक्रामेंटो नदीकाठी फ्रीमाँटच्या लोकांनी एका इंडियन वस्तीवर हल्ला चढवला. किती मेले यावर आजही एकमत नाही. स्वतः कार्सनने पुढे तोंडी सांगितलेल्या आत्मकथनात त्याला निखालस कत्तल म्हटलंय, तेही लाजून नव्हे. पुढच्या महिन्यात क्लॅमथ सरोवराजवळ रात्री तळावर हल्ला झाला, कार्सनचे सोबती मेले. सूड म्हणून एक आख्खं गाव जाळलं, आणि त्या गावाचा हल्ल्याशी संबंध होता का याची कोणी चौकशी केली नाही. जूनमध्ये सॅन राफाएलपाशी होडीतून उतरलेले तीन निःशस्त्र लोक, बेरेयेसा नावाचा म्हातारा आणि हारो घराण्यातले दोन जुळे तरुण, कार्सन आणि सोबत्यांनी गोळ्या घालून मारले. कैद करू का, असं त्याने विचारलं आणि कैदी ठेवायला जागा नाही असं फ्रीमाँटने सांगितलं, अशी साक्ष बऱ्याच वर्षांनी एका माणसाने दिली. फ्रीमाँटने हात झटकले.

उंडगा

बापरे. हे काउबॉय कादंबऱ्यांत नव्हतं.

कर्नी कोण?

सातपुडा

जनरल स्टीफन कर्नी. ऑक्टोबर १८४६, कार्सन मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया जिंकल्याची खबर घेऊन वॉशिंग्टनला निघालेला, वाटेत घर लागणार म्हणून खुशीत. सोकोरोजवळ कर्नीची फौज भेटली. कर्नीने त्याचे कागद फिट्झपॅट्रिककडे दिले, खबर ऐकून २०० शिपाई परत पाठवले आणि याला सांगितलं, चल, आम्हाला वाट दाखव. घर दोन-चार दिवसांवर असताना याने खेचराचं तोंड फिरवलं.

ती खबर तोवर शिळी झाली होती, कॅलिफोर्नियावाले पुन्हा उठले होते. ६ डिसेंबरला सॅन पास्क्वालला पहाटेच्या धुक्यात आंद्रेस पिकोच्या भालाईत स्वारांनी कर्नीची दैना केली. पावसाने काडतुसं भिजलेली, खेचरं दमलेली. कार्सनचा घोडा अडखळून पडला, बंदुकीचे दोन तुकडे झाले, मागून येणाऱ्या स्वारांच्या टापांखालून तो कसाबसा सुटला. मग टेकडीवर वेढ्यात अडकले, खेचरं मारून खायची वेळ. रात्री कार्सन, नौदलाचा एडवर्ड बील आणि एक इंडियन वाटाड्या असे तिघे सरपटत पहाऱ्यांच्या रांगांतून निघाले. आवाज नको म्हणून बूट काढून कमरेला खोचलेले, ते अंधारात कुठेतरी पडले. निवडुंग आणि दगडांतून सुमारे ५० किलोमीटर अनवाणी. सॅन दिएगोला पोचून कुमक पाठवली. बील त्यानंतर बराच काळ अंथरुणाला खिळून होता.

मी_नर्मदा

आणि ॲन व्हाइट?

खडूस आजोबा

ते मी सांगतो, कारण दंतकथेने खऱ्या माणसाला तोंडावर आपटलं ते इथेच. ऑक्टोबर १८४९. सांता फेच्या वाटेवर व्हाइट नावाच्या व्यापाऱ्याला हिकारिया अपाचींनी मारलं. बायको ॲन, लहान मुलगी आणि नोकराणीला पळवून नेलं. मेजर ग्रायरच्या तुकडीबरोबर कार्सन माग काढत निघाला. बारा दिवस. तळ सोडताना अपाची पांगत आणि पुढे कुठेतरी एकत्र येत. गवतावर, ओढ्याकाठी, विझलेल्या चुलीपाशी मागमूस शोधायचा. इतका अवघड माग आयुष्यात काढला नाही, असं तो सांगे. छावणी दिसली तशी याने घोडा पुढे घातला, सगळे मागोमाग येतील म्हणून हाक दिली. ग्रायरने थांबवलं, वाटाघाटी करू म्हणाला. तेवढ्या वेळात अपाची उठले आणि पळाले. ॲन व्हाइट छातीत बाण लागून पडलेली सापडली, अंग अजून गरम होतं.

तिथल्या सामानात एक पुस्तक मिळालं. नायक किट कार्सन. शेकड्यांनी इंडियन लोळवून गोऱ्या बायकांना सोडवणारा वगैरे. आपल्यावर असलं काही छापलं जातं हे त्याला तेव्हा कळलं, तेही दुसऱ्याने वाचून दाखवल्यावर. बिचारीने हे वाचून माझी वाट पाहिली असेल, हा विचार त्याला मरेपर्यंत सोडून गेला नाही. आत्मकथनात तो एरवी कोरडा आहे, इथे नाही.

चिमणरावांचा_नातू

सही करता येत होती ना? तो तर सरकारी इंडियन एजंट होता म्हणे.

सातपुडा

हो, १८५४ ते ६१, ताओसला. ‘सी. कार्सन’ एवढं लिहिता येई. हिशेब आणि पत्रं कारकून लिहायचा. बोलण्यात मात्र स्पॅनिश, फ्रेंच, शिवाय अनेक टोळ्यांच्या भाषा आणि खुणांची भाषा. त्याच काळात आत्मकथन सांगून लिहवून घेतलं, त्यावरून एका डॉक्टरने फुगवून चरित्र छापलं. कार्सनचा शेरा : जरा जास्तच थापलंय.

पेकॉसकाठचा

अल्बुकर्कीत राहतो, म्हणून कार्लटनच्या काळावर लिहितो. इथे कार्सनचं नाव जपून घ्यावं लागतं.

१८६२ मध्ये जनरल जेम्स कार्लटन न्यू मेक्सिकोचा लष्करप्रमुख झाला. पेकॉस नदीकाठी बोस्के रेडोंडो नावाच्या माळावर सगळ्या इंडियनांना आणून शेतकरी करायचं ही त्याची योजना. नॅव्हाहो मुलखात सोनं सापडेल ही आशाही होती. आधी मेस्कलेरो अपाची. पुरुष दिसतील तिथे मारा, असा लेखी हुकूम. कार्सनने तो तसा पाळला नाही, शरण आलेल्यांना घेतलं. फेब्रुवारी १८६३ मध्ये राजीनामाही दिला. कार्लटनने समजूत काढली आणि हा थांबला.

मग नॅव्हाहो. ते स्वतःला दिने म्हणवतात. त्यांच्या आणि न्यू मेक्सिकन लोकांच्या एकमेकांवर धाडी पिढ्यान्‌पिढ्या चालू. हे मेंढ्या न्यायचे, ते बायकामुलं. २० जुलै १८६३ ही शरणागतीची शेवटची तारीख ठरली. कार्सनने लढाया फारशा केल्याच नाहीत. मका कापला किंवा घोड्यांना चारला, गव्हाची शेतं जाळली, मेंढ्या नेल्या, पाणवठ्यांवर पहारे बसवले. माणसं मारायचं काम हिवाळ्यावर सोपवलं. जानेवारी १८६४ मध्ये कॅन्यन डी शेच्या पूर्वेच्या टोकातून कॅप्टन फायफर घुसला, पश्चिमेच्या तोंडाशी कार्सन उभा. लोक कड्यांवर चढून बसले होते. एका सुट्या उभ्या सुळक्यावर सुमारे तीनशे जण महिनोन्‌महिने टिकले. पाणी संपलं तेव्हा चांदण्या रात्री कड्याला साखळी करून लटकले आणि झोपलेल्या शिपायांच्या उशाशी वाहणाऱ्या ओढ्यात युक्काच्या दोरांनी भोपळे सोडून पाणी वर ओढलं. त्या घराण्यांत ही गोष्ट अजून सांगतात.

दरीच्या तळाशी आजही नॅव्हाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. मी गेलो तेव्हा आमच्या वाटाड्याने गाडी थांबवून पीचची झाडं दाखवली, म्हणाला, ही नंतरची. जुन्या बागा १८६४ च्या उन्हाळ्यात कॅप्टन थॉम्पसनने तोडल्या, तीन हजारांहून जास्त झाडं. कार्सन तेव्हा तिथे नव्हता. वाटाड्याला तो फरक सांगायची माझी काही छाती झाली नाही.

उंडगा

म्हणजे हा गनिमी कावाच की!

पेकॉसकाठचा

उलटं आहे, उंडगा. डोंगर ओळखीचे, फौज तुटपुंजी, अंगावर येणाऱ्याला चकवायचं, हे सगळं नॅव्हाहोंकडे होतं. कार्सनने त्यांच्या पोटावरच पाय दिला. सोबत यूट या दुसऱ्या टोळीचे वाटाडे होते, त्यांनाही तो मुलूख ठाऊक.

पुढे आठ हजारांहून अधिक माणसांची पायपीट, सुमारे ५०० किलोमीटर, काही वाटांनी त्याहून जास्त. मागे पडणाऱ्यांना शिपाई गोळी घालत असं घराघरांत सांगतात. बोस्के रेडोंडोला पेकॉसचं पाणी खारं, मक्यावर अळी पडली, जळणासाठी मेस्कीटची मुळं उकरायला मैलोन्‌मैल जायचं. शिध्यात कॉफीच्या बिया आल्या, त्या घेवड्यासारख्या शिजवून खाल्ल्या आणि पोटं बिघडली. चार वर्षांत दोन हजारांच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे.

खडूस आजोबा

सातपुडा, हुकमाचा ताबेदार ही तुमची मांडणी इथे लंगडी पडते. पकडलेली नॅव्हाहो बायकामुलं यूटांना ठेवू द्यावीत, अशी लेखी विनंती कार्सनने कार्लटनकडे केली होती. हे कोणी सांगितलं होतं त्याला? आणि नाही म्हणाला तो कार्लटन! म्हणजे तुमच्या सज्जनाला स्वतःहूनही सुचत होतं.

सातपुडा

सज्जन हा शब्द मी वापरलेला नाही. विनंती खरी आहे. त्याचा युक्तिवाद असा होता की यूट ही माणसं न्यू मेक्सिकन घरांत विकतील आणि माळावर जाण्यापेक्षा तिथे ती बरी राहतील. न्यू मेक्सिकोतल्या खात्यापित्या घरांत नॅव्हाहो गुलाम सर्रास असत. कार्सनच्या स्वतःच्या घरात यूटांकडून विकत घेतलेला नॅव्हाहो मुलगा होता, हुआन नावाने बाप्तिस्मा दिलेला, घरच्यासारखा वाढवलेला. ताओसमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही विनंती लिहवून घेताना हात आखडावासा वाटला नाही, यात नवल नाही. त्याला दोषमुक्त करायला हे पुरत नाही. पण मेस्कलेरोंच्या वेळी त्याने हुकूम वाकवला आणि नॅव्हाहोंच्या वेळी नाही. वाकवता येतो हे माहीत असलेल्या माणसाने न वाकवणं मला जास्त गंभीर वाटतं.

मी_नर्मदा

+१. आजोबा, सँड क्रीकवर त्याचं म्हणणं काय होतं?

खडूस आजोबा

आधी अडोबी वॉल्सचं सांगू द्या. २५ नोव्हेंबर १८६४, टेक्सासचा उत्तर भाग. कार्सनकडे चारशेच्या आसपास माणसं आणि दोन डोंगरी तोफा. सकाळी कायोवांच्या वस्तीवर चालून गेला आणि मग पाहतो तर पलीकडे कोमांचींची वस्त्यांमागून वस्ती. हजारांहून जास्त स्वार अंगावर आले. सैन्याचा बिगुल ‘पुढे चला’ वाजला की कायोवांकडचा एक जण आपल्या बिगुलावर ‘मागे फिरा’ वाजवायचा, शिपाई चक्रावले. तोफांनी तेवढं वाचवलं. कार्सनने वस्ती जाळली आणि दुपारनंतर सरळ काढता पाय घेतला. बारा वर्षांनी अशाच हल्ल्यात तुकडीसकट मारल्या गेलेल्या कस्टरला एवढी अक्कल असती तर... असो.

चारच दिवसांनी कोलोरॅडोत शिव्हिंग्टनने सँड क्रीकला शांततेत बसलेल्या शायेन-अरापाहोंची कत्तल केली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. कार्सनने त्याला भ्याड आणि कुत्रा म्हटलं. खरा संताप होता तो, वानीबे अरापाहोच होती. पण त्याच वर्षी उपाशी पोटी बर्फातून चालणाऱ्या नॅव्हाहो बायकामुलांचा विचार त्याने कुठे ठेवला होता, हे मला आजवर समजलेलं नाही.

चिमणरावांचा_नातू

शेवट कसा झाला?

सातपुडा

१८६८ च्या सुरुवातीला छातीतल्या महाधमनीला फुगवटा आलेला, श्वास लागायचा, तरी यूट प्रमुखांबरोबर तहासाठी वॉशिंग्टनला गेला. परत आला तेव्हा होसेफाचे दिवस भरत आले होते. एप्रिलमध्ये मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत होसेफा गेली. महिनाभरात हाही. फोर्ट लायनला डॉक्टर टिल्टनच्या खोलीत जमिनीवर कातडी अंथरून पडलेला असायचा. टिल्टन त्याला ते फुगवलेलं चरित्र वाचून दाखवी, आणि हा मधूनमधून त्या प्रसंगांवर टिप्पणी करी. २३ मे १८६८ ला बफेलोचं मांस, कॉफी आणि चिलीम मागितली. डॉक्टरने दिली. थोड्या वेळात रक्ताची गुळणी आली आणि संपलं.

पेकॉसकाठचा

त्यानंतर नवव्या दिवशी, १ जूनला, बोस्के रेडोंडोला तह झाला. शर्मन नॅव्हाहोंना इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) पाठवायला बघत होता, नॅव्हाहो प्रमुख बार्बोन्सितोने ऐकलं नाही. आम्हाला आमच्याच डोंगरात जायचंय यावर तो अडून बसला आणि जिंकला. आपल्याच मुलखात परत जाऊ दिलेल्या टोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतली ही एक.

ताओसच्या बागेत कार्सन-होसेफाच्या कबरी आहेत. २०१४ मध्ये गावच्या कौन्सिलने बागेचं नाव बदलायचा ठराव केला, मग आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला. डेन्व्हरमधला त्याचा पुतळा २०२० मध्ये हलवला. नेवाडाची राजधानी मात्र अजून कार्सन सिटीच आहे.

उंडगा

धागा वाचनखुणेत टाकला. आता फ्रीमाँटवर काढा एक.

सातपुडा

काढतो, पण तो १८५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपाशी जाईल आणि जेसीने सगळी जागा खाल्ली तर मला बोलू नका.